बिनइंजिनाची फियाट

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन सेराफिना चर्चमधून घरी आली आणि पायातली चप्पल न काढताच म्हणाली, "ती गाडी आता जाऊ दे." परेरांच्या घरात सेराफिना एखादी गोष्ट चप्पल न काढता बोलली की ती झालीच म्हणून समजायचं. तिच्या नवऱ्याने, मॅथ्यूने, मान हलवली. धाकट्या डेनिसने गिऱ्हाईक शोधलं. आणि दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, चेंबूरचा कुंडलिक मेकॅनिक मरोळला गाडी बघायला येणार असं ठरलं.

गाडी म्हणजे थोरल्या जेरोमची फियाट अकराशे, सगळी मुंबई जिला डुक्कर फियाट म्हणते ती. जेरोमने ती विलेपार्ल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून भंगाराच्या भावात घेतली आणि अंगणात नव्याने बांधायला काढली. दरवाजे स्वतः ठोकून सरळ केले, रंगाचा पहिला हात दिला, इंजिन उतरवून बाजूच्या पडवीत नेलं. मग तो गेला. साकीनाक्याच्या पुढे एका ट्रकखाली सायकलसकट गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याला येत्या एप्रिलात तीन वर्षं होणार होती. तेव्हापासून गाडी अंगणात आणि इंजिन पडवीत गोणपाटाखाली पडून होतं.

अंगण मोकळं व्हायला हवं होतं, यात खोटं काही नव्हतं. ईस्टर झाला की डेनिसचं लग्न. मांडव अंगणात पडणार, बायका बाजा लावून विहिरीवरून लग्नाचं, उंबराचं म्हणतात ते पाणी आणणार, आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला अंगणातच आंघोळ घालायची. तिथे मधोमध हे डुक्कर. पण सेराफिनाला अंगणाबरोबर एक खोलीही मोकळी करून हवी होती. त्या खोलीत ऑलिव्ह राहत होती.

ऑलिव्ह ही जेरोमची बायको. दीड वर्ष संसार, मूलबाळ नाही. अंधेरीला एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करायची, पगार आणून सासूच्या हातात द्यायची, उलट उत्तर म्हणून कधी द्यायची नाही. सेराफिनाला तिच्यात बोट ठेवायला एकच जागा होती, पण ती पुरेशी होती. जेरोम त्या दिवशी कुर्ल्याला निघाला तो ऑलिव्हच्या सांगण्यावरून. कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावात ऑलिव्हची आई फिलूबाई राहते. तिने त्या वर्षीचा मसाला कुटून लेकीसाठी दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या. "जमलं तर आईकडून बाटल्या घेऊन ये," असं ऑलिव्ह जेरोमला म्हणाली, ते सेराफिनाने स्वयंपाकघरातून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"दोन बाटल्या मसाल्यापायी माझा पोरगा गेला," हे ती मयताच्या दिवशी बोलली आणि मग बोलतच राहिली. कालवणाला फोडणी देताना, कबरीवर झेंडू ठेवताना, शेजारणींच्या देखत. ऑलिव्ह खाली मान घालून ऐकून घ्यायची. ती ऐकून घेते त्या अर्थी खरंच आहे, असं सेराफिना धरून चालली होती.

शनिवारी सकाळी बोंबील साफ करता करता तिने विषय काढला. "गाडी जेरोमच्या नावावर आहे. कागदावर तुझी सही लागेल."

"करते, मम्मी."

"सही झाली की सामान बांधायला घे. डेनिस टेम्पो बघेल."

"टेम्पो कशाला? एक ट्रंक आणि शिलाई मशीन."

"मग रिक्षाने जा," सेराफिना म्हणाली.

डेनिस दारात उभा राहून दाढीचा साबण पुसत होता. त्याला हे आवडलं नाही, आणि डेनिसला न आवडलेलं त्याच्या तोंडावर लगेच दिसतं. "मम्मी, ती राहिली तर काय बिघडतं? आम्ही दोघं ओटीवर झोपू."

"नवीन नवरीला ओटीवर झोपवतोस? तिच्या माहेरची माणसं काय म्हणतील?"

"पप्पा, तू तरी बोल ना काहीतरी."

मॅथ्यू पडवीत होता. त्याला ऐकू आलं होतं, सगळं ऐकू आलं होतं. तो रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने इंजिन पुसत होता.

*

दर शनिवारी तो हे करायचा. गोणपाट काढायचं, फडकं फिरवायचं, पुन्हा गोणपाट घालायचं. गावठाणातली माणसं म्हणायची, बापाचं काळीज आहे, पोराची आठवण पुसत बसतो बिचारा. ते ऐकलं की मॅथ्यूला घाम फुटायचा. कारण जेरोम कुर्ल्याला मसाल्यासाठी निघालाच नव्हता, आणि हे जगात एकट्या मॅथ्यूला ठाऊक होतं.

इंजिनातला क्रँकशाफ्ट झिजला होता. असा शाफ्ट, बेअरिंग बसतं तिथे, घासून गुळगुळीत करतात, आणि जेवढा तो बारीक झाला तेवढं जाड बेअरिंग बाजारातून आणून बसवतात. बाजारात मिळतं ते दहा, वीस, तीस आणि फार तर चाळीस थाऊचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जेरोमने शाफ्ट बापाकडेच दिला. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला बाप घरात असताना दुसऱ्याकडे जायचं कशाला? मॅथ्यूने सुट्टी झाल्यावर कारखान्यातल्या ग्राइंडिंग मशीनवर शाफ्ट चढवला. वीस थाऊ काढायचे होते.

तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कारखान्याने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मायक्रोमीटरचा एक पुरा फेरा म्हणजे पंचवीस थाऊ. मॅथ्यूने एक फेरा चुकीचा वाचला. वीसच्या जागी पंचेचाळीस गेले. शिकाऊ पोरगं पहिल्या महिन्यात करतं ती चूक, आणि अशी की लोखंड एकदा गेलं ते पुन्हा चिकटवता येत नाही.

"पप्पा, डोळे तपासून घे," जेरोम एवढंच म्हणाला होता.

"तीस वर्षं हे माप धरतोय मी. तू मला शिकवणार?" मॅथ्यू ओरडला होता. मग चार दिवस बाप लेकाशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी लेक गेला. इस्पितळात त्याचे कपडे मॅथ्यूच्या हातात दिले, तेव्हा शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली. जेरोमचंच अक्षर. '४५. जुना शाफ्ट मिळाला तर तोच.' कुर्ल्याच्या भंगारबाजारात तो बापाची चूक निस्तरायला निघाला होता.

मॅथ्यूने चिठ्ठीची घडी करून पाकिटात घातली. घरी आला तर सेराफिना मसाल्याच्या बाटल्यांचं बोलत होती. तो गप्प बसला. पहिल्या दिवशी गप्प बसला म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता येईना. मग महिना झाला, मग चर्चमध्ये वर्षाची मिसा झाली. सून मान खाली घालून फिरत होती आणि हा तिच्या हातचा चहा पीत होता. मॅथ्यू परेरा भित्रा होता, त्याला दुसरा शब्द नाही, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं.

इंजिन तो देणार नव्हता ते एवढ्यासाठीच. विकलं असतं तर कुणीतरी ते उघडलं असतं, माप घेतलं असतं, आणि विचारलं असतं की हे कुणा गाढवाने केलं.

*

कुंडलिक तीनच्या सुमाराला आला. पन्नाशीचा, बुटका, खिशाला दोन पेनं लावणारा माणूस. गाडीभोवती त्याने तीन चकरा मारल्या, खाली वाकून चाकांच्या मधून बघितलं, दरवाजा उघडून सोडून दिला आणि तो कसा लागतो ते कान देऊन ऐकलं.

"बॉडीचं काम झकास झालंय," तो डेनिसला म्हणाला. "कुणी केलं?"

"माझ्या भावाने."

"हात आहे त्याच्याकडे."

ओटीवर सेराफिनाने पदर तोंडाला लावला. कुंडलिकला काही ठाऊक नव्हतं, तो आपला धंद्याचं बोलत होता. बॉनेट उचलून त्याने आत बघितलं. आत रिकामं होतं, नुसत्या वायरी लोंबत होत्या.

"इंजिन द्यायचं नाहीये," डेनिस घाईघाईने म्हणाला. "मी बोललो होतो ना?"

"बोललात. आणि बिनइंजिनाची गाडी मी उचलीन, नाही म्हणत नाही. माझ्याकडे अपघातातल्या एका टॅक्सीचं इंजिन पडलंय. ते बसवीन, आरटीओत जाऊन पुस्तकातला नंबर बदलून घेईन. सगळं होतं. पण इंजिन घरात असताना नुसतं धूड विकताय म्हणजे काय? उद्या काही लफडं निघालं तर पोलीस माझ्या दारात येणार."

"लफडं नाही हो. पप्पाचा जीव आहे त्याच्यात."

कुंडलिकने पडवीकडे बघितलं. मॅथ्यू गोणपाटासमोर स्टूल घेऊन बसला होता, जाड भिंगांचा चष्मा लावून. "बरं," कुंडलिक म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही. कागद करू."

*

टेबल ओटीवर मांडलं होतं. ऑलिव्ह येऊन बसली, तिच्यासमोर डेनिसने फॉर्म सरकवला आणि कुंडलिकने खिशातलं एक पेन काढून दिलं. जिथे सही करायची तिथे फुली मारलेली होती. वर मालकाचं नाव टाइप केलं होतं, जेरोम मॅथ्यू परेरा.

ऑलिव्हला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. तिला फक्त ती सकाळ दिसत होती. जेरोमचा एक पाय पायडलवर होता, ती बाटल्यांचं म्हणाली, आणि तो म्हणाला, "बघतो." हे तिने मनात इतक्या वेळा फिरवलं होतं की आता त्याचा आवाज नीट आठवत नव्हता. आपण तेव्हा गप्प बसलो असतो तर हा माणूस घरात असता, याबद्दल तिला शंका नव्हती. सासू बोलायची ते तिला लागायचं, पण खोटं वाटायचं नाही.

"कर सही," सेराफिना म्हणाली. परक्या माणसासमोर तरी थांबावं, पण पोराचं नाव त्या कागदावर बघून तिचा तोल सुटला होता. "कर आणि जा तुझ्या आईकडे. मसाला खा दोघी मिळून."

"मम्मी," डेनिस म्हणाला.

"बोलू देत रे," ऑलिव्ह म्हणाली. मग तिने सासूकडे बघितलं आणि तीन वर्षांत कधी बोलली नव्हती ते बोलली. "बरोबर आहे तुमचं. मीच पाठवलं त्याला."

पेन तिने हातात घेतलं. कुंडलिकला काही कळत नव्हतं, पण अवघडल्यासारखं मात्र झालं होतं. घरातल्या भांडणात सापडलेला माणूस आपल्या धंद्याचं काहीतरी बोलतो, तसा तो उठून पडवीच्या दाराशी गेला.

"मिस्त्री, जाता जाता एक विचारतो. वाईट वाटून घेऊ नका. इंजिनात खोट आहे का?"

मॅथ्यूने मान वर केली. बायकोशी तो तीन वर्षं खोटं वागला होता, सुनेशी वागला होता, फादरसमोर गुडघे टेकून वागला होता. पण समोर धंद्यातला माणूस उभा होता आणि काम बरोबर आहे का ते विचारत होता. या प्रश्नाला त्याने आयुष्यात खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"आहे," मॅथ्यू म्हणाला.

"काय?"

"क्रँकशाफ्ट वाया गेलाय. पंचेचाळीस थाऊ घासलाय."

"पंचेचाळीस? अहो, चाळीसच्या पुढे बेअरिंग येत नाही."

"नाही येत."

"कुणी केलं हे?"

"मी केलं. वीस काढायचे होते. मला दिसत नव्हतं." मॅथ्यू स्टुलावरून उठला आणि दाराची चौकट धरून ओटीवर आला. तो कुंडलिककडे बघून बोलत होता, दुसऱ्या कुणाकडे बघायची त्याची छाती नव्हती. "पोरगा म्हणाला, डोळे तपास. मी त्याच्यावर ओरडलो. चार दिवस बोललो नाही त्याच्याशी. मग तो जुना शाफ्ट शोधायला कुर्ल्याच्या भंगारबाजारात निघाला."

"बरं. मग मिळाला?"

"पोचलाच नाही तो," मॅथ्यू म्हणाला.

मॅथ्यूने पाकीट काढलं, त्यातली चिठ्ठी काढली आणि टेबलावर सुनेच्या समोर ठेवली. तीन वर्षांत घडीवर फाटून तिचे दोन तुकडे व्हायला आले होते. ऑलिव्हने ती बोटांनी सरळ केली आणि वाचली. चिठ्ठी होती एवढीशी, पण तिला वाचायला फार वेळ लागला.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे, पप्पा?"

"इस्पितळातून."

"त्याच दिवसापासून?"

"होय, बाय."

"गेल्या वर्षी तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी ऑफिसात रजा टाकून तुमच्या डोळ्यांत थेंब घालत होते. दिवसातून चार वेळा. तेव्हा पण तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मी तुमच्या डोक्याला हात लावून म्हणायचे, पप्पा, वर बघा. आणि तुम्ही वर बघायचात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय. मी खरंच समजत होते की मी माझ्या नवऱ्याला मारलं."

"पण बाटल्यांचं ती बोललीच होती," सेराफिना म्हणाली. ती डेनिसकडे बघत होती, निदान त्याने तरी हो म्हणावं म्हणून. "मी ऐकलंय. माझ्या कानांनी."

"मम्मी, बस कर आता," डेनिस म्हणाला. त्याने ऑलिव्हच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो काढला नाही.

सेराफिना हळूच खाली बसली. तिला ऑलिव्हकडे बघवेना, म्हणून ती नवऱ्याकडे वळली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला कधी मारलं नव्हतं, कधी पगार उडवला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता.

"दर शनिवारी मी कन्फेशनला जाते," ती म्हणाली. "दूधवाल्याशी भांडले ते सांगते. रोझरी म्हणताना डुलकी लागली ते सांगते. हिला बोलले ते कधी सांगितलं नाही. मला ते पाप वाटलंच नाही रे. आणि तू शेजारच्या बाकावर बसलेला असायचास, मॅथ्यू. माझ्या तोंडून रोज पाप होत होतं आणि तू बघत बसलास."

"सेरा..."

"आता नको बोलू."

कुंडलिकने घसा साफ केला. "मी पुढच्या आठवड्यात येतो. घाई नाही."

"थांबा," ऑलिव्ह म्हणाली. तिने चिठ्ठी उचलून पर्समध्ये ठेवली, फुली मारलेल्या जागी सही केली, तारीख घातली आणि फॉर्म कुंडलिकपुढे सरकवला. "गाडी घेऊन जा. काम चांगलं केलंय त्याने, ती चालू दे. इंजिन राहू दे इथे. पप्पांचं पप्पा बघतील."

गाडी बाहेर काढायला डेनिस, कुंडलिक आणि शेजारचे दोघं पुरले. आत लोखंड नसलं की अशी गाडी हलकी असते. चाकांतली हवा सकाळीच भरलेली होती. फाटकाशी ती एकदा अडली, मग गल्लीत उतरली आणि कुंडलिकच्या टेम्पोला दोर बांधून चेंबूरच्या दिशेने गेली. अंगणात तेलाचा काळा डाग आणि चार चाकांच्या खुणा उरल्या. सेराफिना ओटीवर बसून त्या जागेकडे बघत होती.

ऑलिव्ह आतून बाहेर आली ती साडी बदलून, पर्स घेऊन.

"ट्रंक कुठे आहे?" सेराफिनाने विचारलं. मग तिचं तिलाच ते कसं वाटलं कोण जाणे. "म्हणजे, खोली तुझीच आहे. मी सकाळी बोलले ते धरू नको."

"खोलीचं मग बघू, मम्मी. मला राहायचं की नाही ते माझं मला ठरवू दे." ती मॅथ्यूपुढे जाऊन उभी राहिली. "माझ्या आईने त्या वर्षापासून मसाला केला नाही. दुकानातलं तिखट आणते. जावई माझ्या बाटल्यांपायी गेला म्हणते आणि मी घरी गेले की माझ्याकडे बघत नाही. साठ वर्षांची बाई आहे. तिला हे तुम्ही सांगायचं, पप्पा. मी नाही सांगणार, डेनिस नाही. तुमच्या तोंडाने तुम्ही."

मॅथ्यूने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुन्हा लावला. कुर्ल्याला जायचं म्हणजे त्याच रस्त्याने जायचं, साकीनाक्यावरून. तीन वर्षं त्याने तो रस्ता टाळला होता. "सांगतो," तो म्हणाला. "उद्या रविवार आहे. मिसा झाली की..."

"उद्या कशाला?" सेराफिना उठली. "त्या बाईला आणखी एक रात्र तशीच झोपवायची? ऊठ. शर्ट बदल."

डेनिस फाटक लावून परत येत होता. तिघांना अंगणातून निघालेलं बघून तो थांबला. पुढे ऑलिव्ह, मागे पप्पा, आणि पप्पाच्या मागे आई, त्याला पुढे हाकल्यासारखी. साडेचार वाजत आले होते. शनिवारी या वेळेला आई रोझरी हातात घेऊन चर्चला निघायची, पाऊस असो की ताप असो.

"मम्मी, आज कन्फेशनला नाही जात?"

"फादरला नंतर," सेराफिना म्हणाली. "आधी त्या बाईला."